एमडीआयओ स्कॅनमध्ये न सापडणारी फाय

फाय म्हणजे इथरनेटच्या तारेवर सिग्नल पाठवणारी व घेणारी चिप; तिची रजिस्टरे एमडीआयओ या दोन तारांच्या बसवरून वाचली जातात. रजिस्टरचे वाचन फसले की ड्रायव्हरने मूळ त्रुटी तशीच वर पाठवावी, असे एक मत आहे; ते बसच्या खऱ्या बिघाडापुरते मान्य आहे. मात्र एमडीआयओ स्कॅनमध्ये, म्हणजे बसवर कोणत्या फाय आहेत हे शोधताना, ३२ पत्ते तपासले जातात व त्यांतील बहुतेक रिकामेच असतात, त्यामुळे तेथे उत्तर न येणे ही नेहमीची स्थिती होय. लिनक्सची फायलिब (कर्नलमधील फाय हाताळणारा भाग) ईआयओ (वाचन-लेखनातील चूक) किंवा ईनोडेव्ह (उपकरण नाही) हा त्रुटी-संकेत आल्यास पत्ता रिकामा समजून पुढे सरकते, पण ड्रायव्हरने टाइमआउटची त्रुटी परत केल्यास एका रिकाम्या पत्त्यापायी संपूर्ण बसची नोंदणी फसते.

उत्तर न आल्यास पत्ता रिकामा समजण्याला उलट बाजूही आहे. महाप्याच्या आमच्या प्रयोगशाळेतील एका बोर्डावर फाय रीसेटमध्ये धरलेली (म्हणजे काम न करणाऱ्या स्थितीत) असतानाच स्कॅन होत असे. पुल-अपमुळे (मोकळी तार १ वर धरणाऱ्या रोधामुळे) डेटाच्या तारेवर सर्व बिट १ वाचले जात आणि कर्नल कोणतीही तक्रार न करता ती फाय नाहीच असे धरून चाले. (लॉगमधील अशी शांतता त्रुटीच्या ओळीपेक्षा अधिक वेळ खाते.) डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला बोर्डावरील हार्डवेअरचे वर्णन देणाऱ्या फाइलीत) त्या फायचा ओळख-क्रमांक कम्पॅटिबल गुणधर्मात लिहिल्यावर ओळख वाचण्याची गरजच उरली नाही, आणि रीसेट सुटल्यावर ड्रायव्हर सुरळीत जोडला गेला.