खुळखुळ्याच्या शेंगांत अळी, मारू का ठेवू?

प्रश्न (राऊची_माळीण): दिवाळीच्या सुट्टीत इंदूरजवळ रालामंडलच्या अलीकडे माळावर खुळखुळ्याच्या वाळलेल्या शेंगा दिसल्या, पिवळी फुलं मला फार आवडतात म्हणून गच्चीवर लावायला मूठभर आणल्या. आज फोडल्या तर चार शेंगांना बारीक गोल भोक आणि आत बी कुरतडलेलं, एकीत केसाळ काळपट अळी, अंगावर पांढऱ्या रेघा नि नारिंगी ठिपके. आई म्हणतेय फेकून दे. कुणाला माहीत आहे का ही कोण?

उत्तर (सिरपूरकाठी): फेकू नका हो ताई! वर्णनावरून उटेथेइसा नावाच्या पतंगाची अळी वाटतेय, तो पतंग पांढरा नि त्यावर लाल-काळे ठिपके, दिवसाच गवतातून उडतो, पाय पडला की फुर्रकन उठून पुढे बसतो. खुळखुळ्यावर नारिंगी पतंगाच्याही अळ्या असतात, तो आर्जिना, म्हणून मोठी झाल्यावर फोटो टाकाच. खुळखुळ्याच्या बियांत अल्कलॉइड नावाचं विष असतं, अळी ते पचवून अंगात साठवते आणि पतंग झाल्यावरही ते राहतं. अमेरिकेतल्या याच वंशाच्या पतंगावर कॉर्नेल विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ थॉमस आयस्नर यांनी काम केलंय, तिथला मोठा कोळी जाळ्यात अडकलेला असा पतंग खात नाही, धागे कापून चक्क सोडून देतो! बिनविषारी खाण्यावर वाढवलेले मात्र खाल्ले गेले. आणि नर मिलनात हे विष मादीला देतो, ती अंड्यांत घालते. मला तर हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

उत्तर (माळव्यातला_शेतकरी): आमच्याकडे हिरवळीच्या खताला ताग लावतात, तोही खुळखुळ्याचाच भाऊ, त्याच्या शेंगांत पण अळ्या बघितल्यात. एक सांगतो, जंगली खुळखुळ्याचं बी गुराढोरांना नि लहान मुलांना लागू देऊ नका, लिव्हरवर जातं. शेंगा खुळखुळतात म्हणून पोरं खेळायला घेतात.

राऊची_माळीण: बापरे, भाचा येतो आमच्याकडे, शेंगा लगेच उंच ठेवल्या. अळीला बरणीत ठेवू का?

सिरपूरकाठी: ठेवा, तोंडाला मलमलचं फडकं बांधा, हिरव्या शेंगा द्या आणि तळाशी सुका पाचोळा, कोष ती त्यातच करते. चांगलं निवडलेलं बी पावसाळ्याच्या तोंडावर पेरा, पण पुढच्या वेळी माळावरून सगळ्या शेंगा तोडू नका, अर्ध्या तरी राहू द्या.

राऊची_माळीण: निघाला!! पांढरा, लाल ठिपक्यांचा, इवलासा. सकाळी आईनेच फडकं सोडलं, गच्चीच्या कठड्यावर थोडा वेळ बसला आणि उन्हात गेला.