मदत हवी आहे: मनाला पटत नाही म्हणून अधिकाऱ्याने कायदा मोडावा का?

लेकीच्या कॉलेजात शनिवारी वादविवाद आहे, विषय वरचाच. मी तिला पॉल ग्रुनिंगर सुचवला, स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनचा पोलीसप्रमुख. १९३८ मध्ये सरहद्द बंद झाली तरी त्याने ज्यू निर्वासितांना आत घेतलं, कागदावर प्रवेशाची तारीख चक्क मागची टाकून! नोकरी गेली, १९४० मध्ये शिक्षा झाली. निर्दोष ठरला १९९५ मध्ये, वारल्यावर २३ वर्षांनी.

लेक म्हणाली, "बाबा, मग २०१५ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात समलिंगी जोडप्यांना विवाह परवाने नाकारणारी सरकारी अधिकारी किम डेव्हिस? तीही देवाचं नाव घेऊन मनाला पटत नाही असंच म्हणत होती की!"

माझी बोलतीच बंद. राजीनामा द्यावा म्हणावं, तर ग्रुनिंगरच्या दारातली माणसं कुठे गेली असती? दोघांतला फरक नेमका कशावर ठरवायचा? वकील मंडळींनी जरा सांगा.