स्कूल व्हॅनमधली फळी

धायरीची_आई
मंगळवारी लेकीचा डबा घरीच राहिला, म्हणून स्कूटीवरून तिच्या व्हॅनच्या मागे सुटले. सिग्नलला गाठली. दार सरकवलं आणि मुलं मोजली. चौदा! ओम्नी आहे, ड्रायव्हर धरून आठ जणांची. काकांच्या सीटमागे रेक्झिन मारलेली लाकडी फळी टाकलीय, तिच्यावर चार पोरं मागे तोंड करून बसलेली. माझी दुसरीतली मुलगी फळीच्या टोकाला, सरकत्या दाराला खांदा टेकून. दप्तरं टपावर. नंबरप्लेट पांढरी.

पांढरी प्लेट म्हणजे खासगी गाडी. पैसे घेऊन मुलं न्यायचा परवाना नाही, आणि उद्या काही झालं तर गाडी भाड्याने चालत होती म्हणून विमा कंपनी हात वर करू शकते. हे मला नव्याने कळलेलं नाही, दोन वर्षं माहीत आहे. शाळेची पिवळी बस महिन्याला अडीच हजार घेते आणि मुख्य रस्त्यावर थांबते. काका चौदाशेत दारातून नेतात.

माझं मत: अशा व्हॅन सरसकट बंद करा. आमचे हाल झाले तरी चालतील. तुम्हाला काय वाटतं?

काकांचाच_मुलगा
ताई, माझे वडील एकवीस वर्षं व्हॅन चालवतात. हिशोब मांडतो, बघा. चौदा मुलं गुणिले 1400 म्हणजे 19,600. त्यातून गॅस, हप्ता, टायर, मेकॅनिक. एप्रिल संपला की निम्मे पालक फोन उचलत नाहीत, का तर ‘सुट्टीचे पैसे कसले?’ गाडीचा हप्ता सुट्टी घेत नाही. सात मुलं नेली तर हातात 9,800. सांगा, कोण करेल हे काम?

वडिलांना प्रत्येक पोराचा मजला माहीत आहे. आई ऑफिसात अडकली की ते पोर आमच्या घरी वरणभात खाऊन बसतं, त्याचे कधी पैसे लावले नाहीत. फळी टाकली वडिलांनी, मान्य. पण ती चौदाशे रुपयांवर उभी आहे, आणि तो आकडा पालकांनी ठरवलाय.

नियमांचा_किडा
वरणभात ठीक आहे हो, पण ब्रेक लागला की फळीवरचं पोर कुठे जाणार?

थोडं मागचं सांगतो. नोव्हेंबर 1997 मध्ये दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत पडली, 28 मुलं गेली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश आले. महाराष्ट्राने स्कूल बसचे वेगळे नियम केले ते 2011 साली. पिवळा रंग, वेगनियंत्रक, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, परिचर, सगळं त्यात आहे. प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, अध्यक्ष मुख्याध्यापक, सोबत पालकांचा प्रतिनिधी आणि पोलीस. तुमच्या शाळेच्या समितीत पालक कोण आहे, विचारा एकदा. आमच्या शाळेत विचारलं तर क्लार्कने सहलीची फाइल काढून दिली.

आणि दंड? 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा प्रवाशामागे 200 रुपये. या व्हॅनला कितीही ताणून मोजा, एका पोराच्या महिन्याच्या फीत भागतं. विनापरवाना वाहतुकीला मात्र 10,000 आहेत. ते कलम लावलेलं मी तरी आमच्या भागात पाहिलं नाही.

साडेबाराची_ट्रिप
किडाभाऊ, पिवळ्या रंगाचं एवढं कौतुक नको. 11 एप्रिल 2024, हरियाणात कनीनाजवळ बस उलटून सहा मुलं गेली. ती शाळेचीच बस होती. दिवस ईदच्या सुट्टीचा, शाळा तरी चालू, आणि ड्रायव्हर प्यायलेला.

मी स्वतः सहा वर्षं बसवर परिचर होते. मुलांची संख्या ही अर्धीच गोष्ट, खरा घात दुसऱ्या फेरीत असतो. पहिली फेरी मोठ्यांची. ती सोडून तीच बस लहानांना आणायला पळते. पहिलीला दहा मिनिटं उशीर झाला की ड्रायव्हर ती दहा मिनिटं दुसरीत काढतो, आणि दुसरीत बसलेली असतात केजीची पोरं. पोराचा दुसरा पाय जमिनीला लागायच्या आत गाडी हललेली मी पाहिली आहे. बेल माझ्याच हातात होती.

फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका म्हटलं, तेव्हा बसवाले का ओरडले? सगळं गणित या फेऱ्यांवर आहे, आणि नऊनंतर रस्ते तुंबलेले.

परभणीकर
तुमची भांडणं पिवळ्या-पांढऱ्याची. आमच्याकडे मुली सरकारच्या मानव विकास योजनेतल्या निळ्या एसटीने जातात, फुकट. बस आली नाही की काळी-पिवळी जीप. तिच्यात माणसं मोजायची पद्धत नाही.

गेटवरचा_बाप
सरळ स्वतः सोडा ना. मी सोडतो.

साडेबाराची_ट्रिप
तुम्हीच ते, शाळेच्या गेटसमोर तिसऱ्या रांगेत गाडी लावून पोराच्या बुटाची नाडी बांधणारे! आमची बस तुमच्याच मागे अडकते.

काकांचाच_मुलगा
किडाभाऊंना उत्तर: फळीचं समर्थन मी करत नाही. वडिलांनाही ती आवडत नाही. पण सरसकट बंद म्हणजे उद्यापासून ती चौदा मुलं रिक्षात. परवान्याची गाडी घ्यायला कर्ज हवं, आणि बँक विचारते की पक्कं उत्पन्न दाखवा. पालक लेखी द्यायला तयार आहेत का, की वर्षभर इतके पैसे देऊ, सुट्टीसकट?

धायरीची_आई
आठवड्याने लिहितेय. ‘सरसकट बंद’ मागे घेते, पण फळी नकोच यावर ठाम आहे. शनिवारी काकांना चहाला बोलावलं, बाकीचे पालकही आले. काका म्हणाले, फळी आज काढतो, सीटवर मावतील तेवढीच नेतो, मग एकवीसशे पडतील, बाराही महिने. परवान्याचं बोलणं निघालं आणि तिथेच राहिलं.

बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. रात्री ग्रुपवर सहा जणांनी दुसरा व्हॅनवाला शोधला. तेराशेत नेतो म्हणे. कुणीतरी त्याच्या गाडीचा आतला फोटो टाकलाय. फळी आहे, वर गादीपण घातलीय.