मदत हवी आहे: माद्रिदहून तोलेदोची एका दिवसाची सहल, सोबत आई-बाबा

ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन माद्रिदला बहिणीकडे जातोय. त्यातला एक अख्खा दिवस तोलेदोसाठी राखून ठेवला आहे. बाबा 76 वर्षांचे आहेत. सपाटीवर काठी घेऊन व्यवस्थित चालतात, पण गुडघ्यांमुळे चढ आणि पायऱ्या आल्या की बसत-थांबत जावं लागतं. आई चालायला खमकी आहे, पण शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा खात नाही. तोलेदो बघून आलेल्यांनी आणि स्पेनमध्ये राहणाऱ्यांनी कृपया सल्ला द्यावा.

तोलेदोचा हट्ट बाबांचा आहे. त्यांची सगळी हयात शाळेत गणित शिकवण्यात गेली आणि आपलं गणित युरोपात कसं पोचलं हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. 1085 मध्ये सहाव्या आल्फोन्सोने हे शहर मुसलमान राज्यकर्त्यांकडून घेतलं, तरी अरबी ग्रंथ आणि ते वाचू शकणारी माणसं तिथेच राहिली. पुढच्या शतकात क्रेमोनाचा जेरार्ड टॉलेमीचा ‘अल्माजेस्त’ हा खगोलशास्त्राचा ग्रंथ मिळवायला इटलीहून तिथे आला, अरबी शिकला आणि मग त्याने अल-ख्वारिझ्मीच्या बीजगणितासकट कितीतरी ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. बाबांना त्याहून जवळचा वाटतो तो आधीच्या काळातला तोलेदोचा काझी, सईद अल-अंदलुसी. विद्यांची जोपासना करणाऱ्या लोकांवर त्याने 1068 साली एक ग्रंथ लिहिला. त्यात पहिलं स्थान भारताला दिलं आणि नऊ अंकांनी हिशेब करायच्या आपल्या पद्धतीची मनापासून तारीफ केली. हे सांगताना बाबांचा आवाज आजही बदलतो. त्यामुळे हा दिवस धावतपळत फोटो काढण्यात जाऊ नये असं फार वाटतं.

म्हणून पहिला प्रश्न त्यांच्याच वतीने. अनुवादकांच्या त्या काळाची खूण म्हणून नेमकं काय बघता येईल? 1994 मध्ये सुरू झालेली अनुवादकांची नवी संस्था तिथल्या विद्यापीठातर्फे एका जुन्या राजवाड्यात चालते, एवढं वाचलंय. बाहेरच्या माणसाला आत डोकावू देतात का?

आता चढाचं. माद्रिदच्या आतोचा स्टेशनहून वेगवान गाडी अर्ध्या तासाच्या थोडी वर घेते, ते ठरलेलंच आहे. पण स्टेशन खाली आणि जुनं शहर खडकावर, तीन बाजूंनी ताहो नदी. मी असं योजलंय: स्टेशनवरून टॅक्सीने थेट सोकोदोवेर चौकात जायचं, तिथून कथीड्रल, मग सांतो तोमे हे चर्च, पुढे जुनी यहुदी वस्ती आणि शेवटी सान हुआन दे लोस रेयेस हा मठ. म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे. हा रस्ता खरोखर बराचसा उताराचा आहे का? दगडी फरसबंदीवर काठी घसरते का? उत्तरेला वर यायला सरकते जिने आहेत म्हणतात, पण टॅक्सी मिळत असेल तर ते आम्हाला लागणार नाहीत असा माझा अंदाज आहे. परतताना सान मार्तिन पुलाजवळ टॅक्सी मिळते का? मिळाली तर नदीपलीकडच्या मिरादोर देल वाये या जागेवर थांबून स्टेशन गाठायचं आहे. सगळं शहर तिथून एका नजरेत दिसतं.

काय सोडायचं यावरून घरात एकमत होत नाहीये. बहीण म्हणते, कथीड्रल न बघता परतायचं नाही. 1226 ला सुरू होऊन 1493 ला पुरं झालेलं काम, आत चित्रकार एल ग्रेकोचं ‘एक्स्पोलियो’ हे चित्र, आणि छताला भोक पाडून वेदीमागे उजेड आणणारं ‘त्रान्सपारेंते’. तिचं म्हणणं मला पटतं, पण तिथे दोन तास सहज जातील आणि बाबांची निम्मी ताकद तिथेच संपेल. माझा कल दोन्ही सिनेगॉगकडे, म्हणजे यहुद्यांच्या जुन्या प्रार्थनास्थळांकडे आहे: सांता मारिया ला ब्लांका आणि राजा पेद्रोचा खजिनदार सामुएल हा-लेवी याने बांधवलेलं एल त्रान्सितो. 1492 मध्ये यहुद्यांना देशाबाहेर घालवलं, पण त्यांच्या या वास्तू टिकल्या. शिवाय क्रिस्तो दे ला लूस ही 999 सालची इवलीशी मशीद. तिच्या दर्शनी भिंतीवर विटांमध्येच अरबी लेख घडवलेला आहे आणि बाबांना तो पाहायचाच आहे. ती मात्र माझ्या वाटेच्या उलट दिशेला, सोकोदोवेरच्या खालच्या अंगाला येते. टॅक्सीने आधी तिथे उतरून मग वर चढणं बाबांना कितपत झेपेल? आल्काथार किल्ल्यातलं लष्करी संग्रहालय मी यादीतून काढलंय. त्याबद्दल कुणाचं वेगळं मत असेल तर जरूर सांगा.

तिकिटांचं: एकत्रित तिकीट म्हणून मनगटावर बांधायच्या पट्टीत सांतो तोमे, सान हुआन, सांता मारिया आणि ही मशीद येते, कथीड्रल आणि त्रान्सितो येत नाहीत. तरी ती घेणं परवडतं का? त्रान्सितो सोमवारी बंद असतं, म्हणून सोमवार टाळणार आहे. रविवारची गर्दीही नको.

आईच्या जेवणाची खरी काळजी आहे. पिस्तो मान्चेगो म्हणजे टोमॅटो, भोपळी मिरची, झुकिनी घालून शिजवलेली भाजी, पण वर बहुतेकदा तळलेलं अंडं ठेवतात. आधी सांगितलं तर अंड्याशिवाय देतात का? भाजीत हॅमचे तुकडे नाहीत ना, हे विचारायचं नेमकं स्पॅनिश वाक्य कुणी देवनागरीत लिहून दिलं तर आई कागदावर उतरवून घेईल. तिथल्या मासापान या बदामाच्या मिठाईचं तिला आकर्षण आहे, पण त्यावर अंड्याचा हात फिरवतात असं ऐकलं. बिनअंड्याचं मासापान खात्रीने कुठे मिळेल?

आणि परतीची गाडी: ऑक्टोबरमध्ये अंधार पडायच्या आधी मिरादोरवर पोचायचं तर तिकीट साधारण किती वाजताचं काढावं?