देवगिरीची स्वारी आणि इ.स. 1296

काही सनावळ्यांत अलाउद्दीन खिलजीची यादवांच्या देवगिरीवरील स्वारी 1294 मध्ये दाखवलेली असते. जुन्या पुस्तकांत तेच साल आढळते, परंतु त्याच काळातील कवी अमीर खुस्रोने दिलेल्या हिजरी 695 च्या तारखांनुसार अलाउद्दीन फेब्रुवारी 1296 मध्ये गंगाकाठच्या कडा या ठाण्याहून निघाला आणि जूनच्या आरंभी परतला. समकालीन असल्याने हीच नोंद ग्राह्य धरावी.

काका, म्हणजे दिल्लीचा सुलतान जलालुद्दीन, याच्याशी बिनसल्यामुळे राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीस निघालो आहोत, अशी हूल उठवत तो अचलपूरमार्गे देवगिरीवर येऊन धडकला, तेव्हा यादवांची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की, घाईघाईने गडावर चढवलेली पोती धान्याची समजली गेली, ती निघाली मिठाची! हा तपशील तीनशे वर्षांनंतरचा असल्याने जपूनच वापरावा. मात्र हेरखात्याची ढिलाई त्याविनाही उघड दिसते. यादव राजा रामचंद्रदेवाने अपार खंडणी दिली, आणि तिच्याच बळावर अलाउद्दीनने जुलैत कड्याजवळ जलालुद्दीन या सख्ख्या चुलत्याचा आणि सासऱ्याचा खून करवून, वाटेत सोने उधळत दिल्लीचे तख्त गाठले.



ज्ञानेश्वरांची आळंदीची समाधी कार्तिक वद्य 13, शके 1218, म्हणजे याच वर्षाची. ‘श्रीरामचंद्र’ म्हणून ज्याचा गौरव ज्ञानेश्वरीच्या अखेरीस येतो, तो यदुवंशी राजा तेव्हा खिलजींना खंडणी देऊन बसला होता.