कंपनी बंद पडली तरी हक्क संपत नाही

जुन्या सॉफ्टवेअरच्या प्रती काढण्याबद्दल ‘कंपनीच बंद पडली, आता कॉपीराइट विचारतंय कोण?’ असं एकांनी लिहिलंय. पण हक्क असा संपत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, म्हणजे मुदत लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं. तोवर फ्लॉपी कुठली टिकायला!

इथे सांगलीत, गावभागातल्या एका छापखान्यात युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या समान संकेताच्या) आधीचं डीटीपी, म्हणजे छपाईची पानं लावायचं सॉफ्टवेअर अजून सांभाळून ठेवलंय. ते चालायला प्रिंटरच्या पोर्टात डाँगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली असलेला छोटा खटका, खोचावा लागतो आणि नव्या मशीनला तो पोर्टच नसतो. जुन्या स्मरणिकांच्या फायली दुसरीकडे उघडल्या की मराठीच्या जागी नुसती रोमन अक्षरं नि चिन्हं दिसतात. डाँगल गेला की तो सगळा मजकूर गेला.

रीतसर विकत घेतलेल्या प्रतीचा बॅकअप याच कायद्याच्या कलम ५२ नुसार घेता येतो, तो बिनधास्त घ्या. खरी अडचण वाचनालयांची आहे. २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक वाचनालयांना जतनासाठी डिजिटल साठवणीची मुभा दिली, पण त्यांच्याकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत असेल तरच. पोथी-पुस्तकाला हे ठीक, सॉफ्टवेअर मुळात डिजिटलच, त्याला काय उपयोग? अमेरिकेत बिघडलेल्या, कालबाह्य डाँगलचं कुलूप ओलांडायला २००३ मध्येच कायद्यातून सूट मिळाली होती. आपल्याकडे निदान वाचनालयांवरची ही डिजिटल नसलेल्या प्रतीची अट तरी काढायला लावली पाहिजे.

आणि सांगली-मिरजेत कुणाकडे अशा फ्लॉप्या असतील तर पावसाळ्याआधी बॅकअप घेऊन ठेवाच. २०१९ चा पूर आठवतोय ना?