सगळ्या किल्ल्या एकाच खुंटीला?

पासवर्ड मॅनेजर म्हणजे आपले सर्व पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत साठवणारे अ‍ॅप. पण सगळे पासवर्ड एकाच ठिकाणी ठेवले आणि तेच ठिकाण फुटले तर काय, ही अनेकांची शंका रास्त आहे. लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या बाबतीत २०२२ साली ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती खरोखरच चोरीला गेल्या. मात्र त्यांतील पासवर्ड कूटबद्ध, म्हणजे सांकेतिक रूपात, असल्याने ते उघडणे ज्याच्या-त्याच्या मुख्य पासवर्डच्या, म्हणजे तिजोरी उघडणाऱ्या पासवर्डच्या, भक्कमपणावर अवलंबून राहिले. म्हणून हा एक पासवर्ड चार-पाच असंबद्ध शब्दांचा, लांबलचक आणि इतरत्र कुठेही न वापरलेला असावा, यात तडजोड नको.

माझ्या वडिलांच्या डायरीत वीजबिल, बँक आणि ईमेल या तिन्हींसमोर एकच पासवर्ड होता, फक्त शेवटचा आकडा बदललेला. आम्ही दोघांनी बसून सर्व खाती बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरमध्ये नेली. सुरुवात ईमेलपासून केली, कारण इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात. बँकेसारख्याच दिसणाऱ्या बनावट पानावर संकेतस्थळाचा पत्ता जुळत नसल्यामुळे मॅनेजर पासवर्ड आपोआप भरत नाही, हा फायदा मला वडिलांसाठी सर्वांत मोलाचा वाटतो.

इंटरनेटवर काहीच ठेवायचे नसेल, तर पासवर्ड आपल्याच संगणकावरील एका फाइलमध्ये ठेवणारे कीपास वापरावे. मात्र त्याच्या फाइलची प्रत पेनड्राइव्हवर ठेवावीच.